गुडघ्यापर्यंत, घोट्यापर्यंत

पनवेलजवळच्या करंजाड्यात सिडकोच्या इमारती उभ्या राहण्याआधी या पट्ट्यात भातखाचरं होती, खाडीच्या अंगाला मिठागरं होती. तिथे राबणारी आगरी बाई लुगडं गुडघ्यापर्यंतच नेसायची. पोटरीभर चिखलात वाकून भाताची आवणी करायची, तर घोळ खाली येऊन चालत नाही.

नेसायला आरसाही लागत नसे. कमरेभोवती वेढा, पोटावर घट्ट गाठ, मग निऱ्या. त्यांतला मधला भाग दोन पायांतून मागे ओढून खोचला की कासोटा झाला. ना परकर, ना पिन. कापडाला टाका नसल्यामुळे तेच नऊ वार पोरसवदा मुलीला बसत, गरोदर बाईला बसत आणि वाळून गेलेल्या म्हातारीलाही बसत. माप सगळं नेसणारीच्या हातात.

याच रायगड जिल्ह्यात, महाडला, गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याचा अर्थ मात्र अगदी वेगळा होता. तिथे तो चिखलातून आलेला नव्हता, जातीने लादलेला होता. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं, की लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे कथलाचे जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती टाका. लुगडं घोट्यापर्यंत नेसा. परिषदेहून परतताना कितीतरी जणींचं नेसणं बदललेलं होतं. कापड तेच, अंगं तीच. गुडघ्यावरून घोट्यापर्यंत उतरलेल्या त्या काठाला केवढं धैर्य लागलं असेल! गावात परतल्यावर त्याच रस्त्यांवरून, त्याच नजरांसमोरून चालायचं होतं.

म्हणून ‘आपला पारंपरिक पोशाख’ हे शब्द जपून वापरावेत. कुणाची सोय, कुणाची सक्ती, हे काठाकडे बघून कळत नाही. ते कुणी ठरवलं, हे विचारावं लागतं.

कासोटा नसलेल्या गोल साडीची वाट आणखी निराळी. १८६४ मध्ये पती सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनी देवींनी इथल्या पारशी बायकांचं नेसणं पाहून आपली पद्धत बसवली आणि परकर-पोलक्यासह ती बंगालमध्ये नेली. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात, पुढे कचेरीत जाणाऱ्या मुलींनी सहावारी आपलीशी केली. इकडे करंजाड्याच्या पट्ट्यात १९७० मध्ये सिडको आली, शेतं संपादनात गेली, पुढे विमानतळासाठी गावंच्या गावं उठली. आवणीच उरली नाही, तेव्हा गुडघ्यापर्यंतच्या लुगड्याचं कामही संपलं. घरात गाऊन आला, बाहेर पंजाबी ड्रेस.

आणि आता शिवलेली नऊवारी. कासोटा शिंप्याने आधीच बसवलेला. पाय घालायचे, नाडी ओढायची, पदर पिनेने लावायचा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मुली ती नेसून बुलेट चालवतात. तिला नकली म्हणणं अन्यायाचं आहे. लोकल पकडून आलेल्या मुलीला पाच मिनिटांत तयार होता येतं, ही मोठीच सोय. पण ती एकाच अंगाच्या मापाची असते. बाळंतपणानंतर उसवावी लागते, बहिणीला चटकन देता येत नाही. नेसण्याची सगळी करामत अंगावरून निघून शिलाई मशीनकडे गेली आहे.

लग्नघरात नवरीला लुगडं नेसवायला अजून एखाद्या आजीलाच हाक मारतात. पोटावरची गाठ किती आवळायची, हे व्हिडिओ बघून उमगत नाही; शेजारी उभं राहून त्या हातांचा दाब अंगावर घ्यावा लागतो. करंजाड्याच्या महिला मंडळांनी यंदाच्या हळदीकुंकवाला वाण लुटण्याआधी तासभर या आजींना द्यावा, आणि मुलींनी येताना नऊ वार कोरं कापड आणावं.