वाचकाविना वाङ्मयकृती

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात संगणकाची आज्ञावली 'वाङ्मयीन कृती' ठरते. १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीला या कायद्यात स्थान मिळाले आणि १९९४ मध्ये ते अधिक स्पष्ट झाले. वकिलांना या व्याख्येत काही नवल वाटत नाही. साहित्यशास्त्राला मात्र वाटायला हवे. कारण वाङ्मयीन कृती म्हटली की वाचक गृहीत असतो, आणि येथे तोच वगळलेला आहे. प्रोग्रॅमर लिहितो ती मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत राहते. ग्राहकाला मिळतो तो यंत्रालाच कळणारा पाठ. पेटंटचा मक्ता मिळवायचा तर शोध उघड करावा लागतो. प्रताधिकार अशी अट घालत नाही. मग जो आपली संहिता कोणालाही वाचू देत नाही, त्याला ग्रंथकर्त्याचे संरक्षण कोणत्या नैतिक आधारावर मागता येते?

गुप्त संहितेचा प्रश्न मराठीला परका नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. ज्या 'लीळाचरित्रा'त लोणारच्या लीळा आहेत, तो ग्रंथही शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकाला अप्राप्य होता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या प्रयत्नांतून लिपीची उकल झाली. पुढे बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे वि. भि. कोलते यांनी या वाङ्मयाच्या संपादनाला आयुष्य वाहिले. १९७८ साली त्यांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध झाले, आणि त्यावर पंथीयांतूनच तीव्र आक्षेप आले. हे आक्षेप केवळ कर्मठपणाचे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्यांनी पोथी जपली, त्यांचा पोथीवर काही नैतिक हक्क असतोच. संहिता खुली करणे हे प्रत्येक वेळी निरपवाद पुण्य नव्हे.

तरीही हे साम्य एका टप्प्यावर तुटते. महानुभावांनी लिपी गुप्त ठेवली, पण तिच्या रक्षणासाठी राजसत्तेचा दंड मागितला नाही. गुप्तता हेच त्यांचे एकमेव संरक्षण होते. शिवाय दीक्षिताला पोथी वाचता येत होती, तिची नक्कल करता येत होती. सॉफ्टवेअर कंपनीला गुप्तताही हवी असते आणि कायद्याचे पाठबळही. १९९९ च्या दुरुस्तीने आज्ञावलीच्या चालण्याचे निरीक्षण करून तिच्यामागची तत्त्वे शोधण्याची मुभा दिली, हे खरे. पण ही मुभा म्हणजे निरूपण ऐकावे आणि पोथी ताडावी, अशातली आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८९ च्या जनरल पब्लिक लायसन्सचे मर्म येथे दिसते. त्या परवान्याने प्रताधिकार नाकारला नाही. त्याच्याच बळावर वाचकाला परत आणले. बदललेली आज्ञावली जो दुसऱ्याला देईल, त्याने मूळ संहिताही दिली पाहिजे. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव रूढ होऊ लागले तेव्हा हा नैतिक आग्रह कार्यक्षमतेच्या भाषेत विरला, आणि मोठ्या कंपन्यांना ही चळवळ पचवणे सोपे गेले. गूगलचे अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे; २०१८ मध्ये गिटहब मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. त्यातच परवान्यातली एक फट आहे: आज्ञावली कंपनीच्याच सर्व्हरवर चालत राहिली, तर ती कोणाला 'दिली' असे होत नाही, आणि संहिता दाखवण्याचे बंधनही उरत नाही. पोथी मठाबाहेर गेलीच नाही, तर वाचकाचा हक्क उपजणार कोठून?

या वादात मराठीचे स्वतःचे नुकसान कोणते, ते युनिकोडपूर्व फाँटांत पाहावे. नव्वदच्या दशकात प्रत्येक फाँट-उत्पादकाची अक्षरांकांची मांडणी खाजगी होती. त्या फायलींतला मजकूर फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांची रांग होतो. लिपी देवनागरी, आणि तरी ती वाचता येत नाही. रूपांतरकांनी त्यातला बराच भाग युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे आणि रफार पुन्हा हाताने तपासावे लागतात. म्हणजे कोलत्यांनी पोथ्यांबाबत केले तेच पाठचिकित्सेचे काम, तीसच वर्षांपूर्वीच्या मजकुरावर. सकळ लिपीची कुंजी ज्यांच्याकडे मागावी असे महंत तरी होते. फाँटच्या आज्ञावलीवरचा प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. कंपनी इतकी वर्षे टिकतेच असे नाही.