वहीत न लिहिलेली उधारी

परवा रात्री खिचडी झाली आणि लक्षात आलं, दही नाही. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, दहापर्यंत उघडं असतं. पण बाहेर पाऊस होता. मी फोन उचलला. नऊ मिनिटांत दही दारात. आणणारा मुलगा नखशिखांत भिजलेला. मी ‘थँक यू’ म्हणाले, पाच स्टार दिले. त्यानंतर घास घशाखाली उतरेना, असं काही झालं नाही. छान जेवले. बोचलं ते नंतर.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये बाबांचा पगार तीन महिने थांबला होता. दुकानातल्या काकांनी किराणा थांबवला नाही, वहीत लिहीत गेले. पुढे आम्ही पै न पै फेडली. हिशोब मिटला. मग आता मी त्यांचं काय देणं लागते?

‘छोटा दुकानदार चांगला, मोठी कंपनी वाईट’ हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्याच दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर सॅनिटरी पॅड मागताना मी अंग चोरलेलं आहे. अ‍ॅपने ती नजर चुकवली. काकांकडे पोती उचलणाऱ्या मुलालाही पीएफ नाहीच. आणि मी ऑर्डर थांबवली तर त्या भिजलेल्या मुलाचं काय? नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते; २०२९-३०पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. कंपन्या डिलिव्हरीवाल्यांना ‘पार्टनर’ म्हणतात. गाडी पार्टनरची, पेट्रोल पार्टनरचं. त्यांच्या हक्कांसाठी कायदाच लागेल. माझ्या एका दह्याने ते सुटणार नाही.

पण उधारीचा विचार केला तेव्हा एक गोष्ट उमगली. काका आम्हाला उधार देऊ शकले, कारण बाकीची गल्ली रोख देत होती. त्या रोखीवरच वही चालते. आज माझ्यासारखे पगारदार अ‍ॅपकडे वळले, तर दुकानात उरतील ते फक्त उधारीवाले. मग वही बंदच होणार. अ‍ॅपवरही ‘नंतर पैसे द्या’ असतं, पण ते ज्याची पत आधीच कुठेतरी नोंदली आहे त्याला. पगार थांबलेल्या घराचा चेहरा पाहून ते मिळत नाही.

म्हणजे माझं देणं काकांचं नाही. ते गल्लीतल्या पुढच्या अडलेल्या घराचं आहे, आणि ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

म्हणून महिन्याचा किराणा मी पुन्हा काकांकडून आणते. रात्री तापाची गोळी लागली तर अ‍ॅप आहेच. पावसात दही मात्र नाही. दह्यावाचून खिचडी खाता येते. यात थोडा भाग स्वतःच्या मनाला बरं वाटण्याचा आहे, हे कबूल.

काल यादी घेऊन गेले, तेव्हा पुढे एक बाई उभ्या होत्या. तेल, तूरडाळ, साखर. पिशवी उचलत हळूच म्हणाल्या, “लिहून ठेवा.” काकांनी वही ओढली. मी दुसरीकडे पाहिलं, आणि माझे पैसे रोख दिले.