चोळलेला ओवा

धपाट्याच्या पिठात ओवा घालताना लातूर-नांदेडकडच्या बायका तो आधी तळहातावर चोळतात. का, असं विचारलं तर "वास सुटतो" एवढंच सांगतील. तेवढं पुरेसंही आहे.

ओव्याच्या दाण्यावर उभ्या शिरा दिसतात. त्यांच्या मधल्या खोबणीत, सालीच्या आत, तेलाच्या बारीक नळ्या असतात. दाणा अख्खा असेपर्यंत तेल आत कोंडलेलं. चोळलं की नळ्या फुटतात.

शंभर ग्रॅम ओव्यात हे तेल साधारण २ ते ४ ग्रॅम. त्यातला मोठा वाटा थायमॉलचा. थायमॉल जंतूच्या पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात शिरतं, पडदा सैल करतं, मग आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि जंतू मरतो. १९१४चं महायुद्ध सुरू होईपर्यंत आपल्याकडचा ओवा जहाजाने जर्मनीला जाई, तिथे त्यातून थायमॉल काढत.

ओव्याने हे तेल आपल्यासाठी केलेलं नाही. झाडाला पळता येत नाही. कीड आली, बुरशी आली, तरी उभ्या जागेवरच निभवायचं. त्याची ही शस्त्रसामग्री आपण ढेकर यावी म्हणून चघळतो.

हे तेल जंतूंना रोखतं का, याची सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली चाचणी सोपी असते. काचेच्या थाळीत जंतू पसरायचे, मध्ये तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं. तेवढ्या जागेत जंतू वाढलेलेच नसतात. कडं किती मिलिमीटरचं ते पट्टीने मोजायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते कडं फार मोठं वाटतं, आणि वाटावंही.

पण थाळी म्हणजे पोट नव्हे. थाळीत फक्त जंतू असतात. पोटात आपणही असतो. शंभर वर्षांपूर्वी अंकुशकृमीवर डॉक्टर थायमॉल देत. कृमी पडत, पण मात्रा थोडी चुकली तर रोग्याच्याच जिवावर बेते. पुढे ते औषध मागे पडलं. धपाट्यातल्या ओव्याने असं काही होत नाही, कारण तो चिमटीने मोजलेला असतो.

आता अशी तेलं इवल्या बाटल्यांत मिळतात, वर 'नैसर्गिक' असं ठळक लिहिलेलं. पोटात घेण्यासाठी ती नाहीत. घरात लहान मूल असेल, तर बाटली स्वयंपाकघरात नको; औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा.