अंतकाळीचे उपचार व साधकाचे इच्छापत्र

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्या साधकास देश, गाव व आप्त यांचे पाश तोडावयास सांगितले. या आज्ञेपाशीच आज एक प्रश्न उभा राहतो. भिक्षू अत्यवस्थ होऊन त्याची वाचा व शुद्ध हरपली, तर त्याच्या देहावर कोणते उपचार करावेत हे कोणी सांगावे? रुग्णालय नातेवाइकांची सही मागते, आणि साधकाने तर नातेच सोडलेले असते. हिंगोली येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मोठे उपचार खेड्यांतील आश्रमांच्या जवळ येत आहेत. त्यांच्यासवे हा प्रश्नही येणारच.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सुलभ केली. सज्ञान व्यक्तीने शुद्धीवर असताना, स्वेच्छेने, दोन साक्षीदारांसमक्ष ते लिहावे. नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याने ते साक्षांकित करावे. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या पालकांची वा आप्तांची नावे त्यात द्यावीत. व्याधी असाध्य ठरून शुद्ध गेल्यावरच ते लागू होते. डॉक्टरांच्या दोन मंडळांनी रुग्णाची स्थिती पाहावी लागते. लिहिणारास ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

येथे कोणी म्हणेल : असा लेख करणे म्हणजे मरण इच्छिणे, आणि तीही हिंसाच. ही शंका क्षुद्र नव्हे; अहिंसा हा आचारधर्माचा पाया आहे. परंतु प्राण घेणे वेगळे आणि सुटू पाहणारा प्राण यंत्राने अडवून न धरणे वेगळे. विषारी सुई टोचून मरण देणे कायद्यासही मान्य नाही. देह टाकण्याची घाई ही जशी आसक्ती, तशीच तो कसेही करून राखण्याची धडपड हीही आसक्तीच.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर सुमारे ४२ वर्षे अंथरुणास खिळून होत्या. त्यांची इच्छा कोठेही लिहिलेली नव्हती. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील सेवकवर्गाचा मानला. कारण वर्षानुवर्षे शुश्रूषा त्यांनीच केली होती. त्यांनी अरुणांना जगू देण्याची बाजू घेतली. १८ मे २०१५ रोजी अरुणांचे निधन झाले.

यातून साधकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्याने सेवा केली, तोच बोलण्यास पात्र. म्हणून भिक्षूने गुरुबंधूचे वा आश्रमातील विश्वासू साधकाचे नाव पालक म्हणून लिहावे. उपदेशी गृहस्थानेही मुलांवर हा भार न टाकता आपले मन आधीच सांगावे. कोणास सर्व उपचार हवे असतील, तर तेही लिहावे.

मात्र हा कागद सेवा टाळण्याचे निमित्त होता कामा नये. खर्च वाचावा म्हणून वृद्ध साधकाकडून सही घेणे हा अधर्म होय. यंत्र थांबले तरी वेदनाशमन, स्वच्छता, पाण्याने ओठ भिजविणे आणि कानी नामस्मरण ही सेवा अखेरच्या श्वासापर्यंत चालूच राहिली पाहिजे. तिला कोणत्याही इच्छापत्राची गरज नाही.