झाकलेले वेतन

खेळाबद्दल पैसा घेणे हे पाप आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु एका स्कॉच पाथरवटाच्या चरित्रात तो आम्हांस ज्या रूपाने भेटला, ते पाहता आपल्या मंडळ्यांतील एका जुन्या कुजबुजीशी त्याचा निकट संबंध आहे.

ह्या गृहस्थाचे नाव फर्गस सूटर. त्याचा जन्म १८५७ साली ग्लासगो शहरी झाला. दगड घडविणे हा त्याचा धंदा आणि फुटबॉल हा त्याचा छंद. १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली व तेथील बांधकामास जबर धक्का बसला. त्याच सुमारास सूटर इंग्लंडात डार्वेन ह्या कापडगिरण्यांच्या गावी येऊन तेथील संघातून खेळू लागला. त्याने आरंभी टाकी-हातोडा हाती धरला. पण इंग्लंडातला दगड फार कठीण, त्याने हात सुजतात, असे सांगून लवकरच धंदा सोडला. मग ह्याचे पोट कशावर चालते? पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच सांगितले की, ठरीव पगार नव्हता; गरज पडली म्हणजे खजिनदाराची भेट घ्यावी, अशी समजूत होती.

१८७९ साली डार्वेनचा संघ असोसिएशनच्या चषकासाठी लंडनास गेला. प्रतिस्पर्धी होते एटन येथील श्रीमंत विद्यालयाचे माजी विद्यार्थी. एकास पाच गोल असे मागे पडूनही डार्वेनने सामना पाच-पाच असा बरोबरीत आणला. दुसरा सामनाही बरोबरीत सुटला. गावाने वर्गणी काढून आपल्या खेळाडूंस पुनः पुनः लंडनास धाडले. तिसऱ्या खेपेस ते हरले. वेतन घेऊन खेळणे कुलीनास शोभत नाही, असे त्या काळचे प्रतिष्ठित लोक म्हणत. पण ज्याचे ताट भरलेले आहे, त्याने ‘मला भूक नाही’ म्हणण्यात त्याग तो कोणता?

तथापि सूटरला आम्ही निर्दोष ठरवीत नाही. ज्या गावाने त्याला पोसले, ते सोडून १८८० साली तो शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स संघास मिळाला. पैशाने फितविले, असा बोभाटा झाला. करार उघड असता, तर कोणाचे कोणावर किती ऋण आहे हे दोघांसही कळले असते. झाकलेल्या व्यवहारात निरोप घेणाराही चोर दिसतो.

प्रवासखर्च व बुडालेली मजुरी ह्यांपलीकडे खेळाडूने काही घेऊ नये, असा नियम १८८२ साली झाला. ज्याने धंदाच सोडला, त्याने बुडालेली मजुरी कोठून दाखवावी? तेव्हा लपवाछपवी चालूच राहिली. १८८४ साली प्रेस्टन संघाचा चालक विल्यम सडेल ह्याने पैसे देत असल्याचे कबूल केले, तेव्हा त्याचा संघ स्पर्धेतून काढण्यात आला. (हाच सडेल पुढे १८९५ साली गिरणीच्या पैशांच्या अपहाराबद्दल तुरुंगात गेला. एक गोष्ट उघड केल्याने दुसरी झाकण्याची मुभा मिळत नाही.) अखेर जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने वेतनास संमती दिली, मात्र वेतन घेणाऱ्याची रीतसर नोंद झाली पाहिजे, असे ठरविले. सूटरच्या संघाने १८८४, १८८५ व १८८६ असा सलग तीनदा चषक जिंकला. पहिले दोन विजय झाकलेल्या वेतनाच्या काळातले, तिसरा उघड्या वेतनाच्या. पाय तेच, चेंडू तोच. गेली ती केवळ लपवाछपवी.

आता आपल्याकडे वळू. ‘हा पगारी उपदेशक, भाकरीसाठी बोलतो,’ हे शब्द आम्ही पाळकांनी पुष्कळदा ऐकले आहेत, आणि ते आम्हांस झोंबलेही आहेत. पण पवित्र शास्त्र काय दाखविते? लेव्यांस दशांश मिळे, तो सर्व इस्राएलाच्या देखत. गेहजीने नामानापासून घेतले, ते घरात लपविले आणि ‘कोठे गेला होतास?’ असे धन्याने विचारताच तो खोटे बोलला. रुपे दोघांसही मिळाले असेल. कोड मात्र एकासच लागले. पौलाने करिंथात तंबू शिवून पोट भरले, तरी त्याच करिंथकरांपुढे त्याने इतर सेवकांच्या हक्काची बाजू मांडली. स्वतःचा हक्क सोडणे हा त्याग होय. दुसऱ्याचा हक्क सोडण्यास लावणे हा नव्हे.

म्हणून मंडळीने पाळकाचे वेतन सर्वांसमक्ष ठरवावे, वर्षअखेर हिशेब भर सभेत वाचावा, आणि फुकट सेवेची स्तुती करण्यापूर्वी आपले ताट पाहावे. पाळकानेही, ‘हे मला मिळते’ असे मान वर करून सांगता येईल तेवढेच घ्यावे. जे सांगताना जीभ अडखळेल, ते परत करावे.

आणि पुढची कसोटी मनुष्याच्या हाती नाही. भाकर थांबली तर आमचे मुखही थांबेल काय, हे ज्याने त्याने देवासमोर एकांती स्वतःस विचारावे.