भाकर थापणारा हात
ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे लातूर-नांदेडकडे काटवटीत भाकर थापताना कडा चिरू पाहतात आणि तळहाताचा दाब दर थापेला बदलावा लागतो. हा बदल मेंदू घडवतो. डोळ्यांनी टिपलेला गोळा मेंदूच्या मागच्या भागात उमटतो. तिथून माहिती माथ्याखालच्या भागात जाते. बोटांचा स्पर्श आणि स्नायूंचा ताण तिथेच तिला मिळतो, पीठ कुठे आणि हात कुठे याचा मेळ बसतो. पुढचा भाग हालचाल आखतो. मग आज्ञा मज्जारज्जूतून स्नायूंकडे सुटते, उजव्या हातासाठी मुख्यतः डाव्या मेंदूतून.

खरी अडचण वेळेची. दिसलेली चूक सुधारायला हाताला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतो, आणि थापेची लय तेवढी थांबत नाही. म्हणून लहान मेंदू पुढचा स्पर्श कसा लागेल याचा अंदाज आधीच बांधतो. अंदाज चुकला, की पुढची थाप सुधारते. नवशिक्याची भाकर फाटते ती बहुधा याच कच्च्या अंदाजामुळे (पाणी पुरेसे गरम नसेल तर गोष्ट वेगळी!). सराईत हात मात्र चुलीतला जाळ सारताना, नजर दुसरीकडे असतानाही, बोटांच्या स्पर्शावर कड सारखी करतो.