तात्पुरती ओळख

गेल्या श्रावणात आमच्या घरच्या संगणकाचे अपडेट चालू असताना वीज गेली. ती परतल्यावर यंत्राने वहिनींचे नाव आणि परवलीचा शब्द घेऊन त्यांना आत घेतले खरे. परंतु समोर दिसले ते एक कोरे घर. देवीचे चित्र नाही, आरत्यांची टिपणे नाहीत, नातवंडांची छायाचित्रे नाहीत. कोपऱ्यात एक सूचना क्षणभर उमटून गेली, ती कोणी वाचली नाही. वहिनींनी डोळ्यांस पदर लावला. मात्र त्याच दिवशी ८८ वर्षांच्या आत्याबाई बेळगावाहून आल्या होत्या, आणि घराण्यातील नैवेद्याच्या रीती त्यांच्या तोंडून उतरवून घ्याव्यात ही वहिनींची जुनी इच्छा. तेव्हा त्या कोऱ्या जागीच त्या तीन तास लिहीत बसल्या. रात्री आम्ही घरी आलो, सारे ऐकले आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "एकदा बंद करून चालू करा, वहिनी; सारे आपोआप येईल."

आले काहीच नाही. आत्याबाईंचे तीन तास मात्र गेले.

विंडोजची रीत अशी आहे की, वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी 'एनटीयूजर डॉट डॅट' नावाच्या एका फाईलीत असतात. ती वाचता आली नाही, की यंत्र त्यास तात्पुरते बिऱ्हाड देते, आणि तो बाहेर पडताच तेथील सारे पुसून टाकते. म्हणजे ज्यासाठी वहिनी रडल्या, ते त्यांच्या जुन्या फोल्डरात सुखरूप होते. जे हाती आले असे वाटत होते, तेच जाणार होते. ओळखीचे चित्र पुन्हा दिसावे ही आमची घाई, आणि तिची किंमत दिली दुसऱ्यांनी.

मग दुरुस्ती. प्रथम जुन्या फोल्डराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. रजिस्ट्रीतील नोंद सुधारून पाहिली, पण मूळ फाईलच नासलेली. अखेर नवे खाते उघडले, आणि येथे आम्हांस थांबावे लागले. जुने खाते मोडून त्याच नावाचे नवे उघडले, तरी यंत्राच्या लेखी तो माणूस निराळा. ते नाव पाहत नाही. एस-१-५-२१ अशा आरंभाचा एक लांबलचक क्रमांक पाहते, आणि तो प्रत्येक खात्यास नवा. नाव तेच, बसणारी बाई तीच, आणि तिच्याच फोल्डराच्या दारात तिला 'परवानगी नाही'!

वाचकहो, 'तोच' म्हणजे काय, हा प्रश्न गोमंतकीयांस नवा नाही. १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळास आणले गेले. वास्तू मागे राहिली, गाव बदलले. हा देव दुसरा, असे मात्र कोणी म्हटले नाही. काय न्यावयाचे, हे नेणाऱ्यांस ठाऊक होते. आम्हांस ते ठाऊक होते काय? नव्या खात्यात सर्व काही न्यावे, परंतु 'एनटीयूजर' नावाच्या फाईली नेऊ नयेत. नेल्या तर दोषही बरोबर येतो. वहिनींचा आग्रह मात्र निराळा: "माझे होते तस्सेच हवे." चिन्हे त्याच जागी, अक्षरे तेवढीच मोठी. त्या सवयी म्हणजे नुसती उपाधी, असे आम्ही त्यांना समजावू लागलो. पण बारा वर्षे जेथे हात आपोआप जात होता ती जागा उपाधी की त्या स्वतः, हे ठरवणारे आम्ही कोण? अधिकाराचे खाते आमचे होते, एवढेच. शेवटी एकेक चिन्ह त्यांच्याकडून विचारून जागी लावले. दुपार गेली.

आत्याबाईंनी दूरध्वनीवरून सारे पुन्हा सांगितले. चतुर्थीच्या पानावरची एक भाजी या खेपेस त्यांच्या सांगण्यात आली नाही. वहिनींस ती आठवत होती. ती लिहावी की न लिहावी, हे त्यांनी आम्हांस विचारले नाही.